तक्त्यातलं ‘निरंक’ : शालेय शिक्षण मंत्री आणि आरोग्य मंत्री यांना एका शिक्षकाचं खुलं पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सन्माननीय महोदय,
सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. नोकरीला बावीस वर्षं झाली. शाळा पहिली ते आठवी, पट ८६, आम्ही शिक्षक चार. महिनाअखेरीला आम्ही वर एक तक्ता पाठवतो. त्यात एक रकाना आहे, ‘समुपदेशनाची गरज असलेले विद्यार्थी’. त्याच्या शेजारी दुसरा, ‘केलेली कार्यवाही’. दोन्ही रकान्यांत मी वर्षानुवर्षं एकच शब्द लिहीत आलो आहे. निरंक, म्हणजे शून्य.

हा शब्द खोटा आहे. तो खोटा का लिहावा लागतो, हे आपल्याला सांगायचं म्हणून हे पत्र.

एकदा मी तिथे आकडा लिहिला होता. २. चार दिवसांनी फोन आला, ‘सर, कार्यवाही काय केली तेवढं लिहून पाठवा, तक्ता अपूर्ण राहतोय.’ मी त्या मुलांशी बोललो होतो, त्यांच्या घरी जाऊन आलो होतो. पण ‘तज्ज्ञांकडे संदर्भित केले का, असल्यास कोठे’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण संदर्भित करायला जागाच नव्हती. शेवटी त्या दोनाचं निरंक झालं आणि तक्ता पूर्ण झाला.

आमच्या शाळेचं निरंक केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांच्या गटाच्या, बेरजेत जातं, केंद्राचं तालुक्याच्या, तालुक्याचं जिल्ह्याच्या. असं करत ते वरपर्यंत पोचतं तेव्हा त्याचा अर्थ ‘मुलं ठीक आहेत’ असा होतो. खरा अर्थ एवढाच असतो की दुसऱ्या रकान्यात लिहायला कोणाकडेच काही नव्हतं.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले. म्हणजे साधारण चौदा मुलांमागे एक. आमच्या सातवी-आठवीत मिळून २८ मुलं आहेत. सर्वेक्षणाच्या हिशेबाने दोन निघतात. माझ्या डोळ्यांसमोर तीन चेहरे आहेत.

आधी एका मुलीबद्दल सांगतो. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ती आठवीत होती. आईवडील ऊसतोडीला. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती लग्नात नाहीतर दवाखान्यात खर्चूनही गेलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, त्यामुळे आईला मागे राहता येत नाही. ही मुलगी आणि तिचा पाचवीतला भाऊ आजीजवळ राहिले. आजीला ऐकू कमी येतं.

नोव्हेंबरात तिच्या पोटात दुखायला लागलं. परिपाठ चालू असताना ‘सर, पोटात दुखतंय’ म्हणायची आणि जागेवरच खाली बसायची. दुपारची खिचडी ताटात घ्यायची आणि भावाच्या ताटात ढकलायची. प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळ्या आणल्या. मग तालुक्याला सोनोग्राफी झाली. ती नॉर्मल आली. रिपोर्ट नॉर्मल आला की आपल्याकडे दोनच निदानं उरतात. एक तर पोरगी नाटकं करते, नाहीतर बाहेरचं काहीतरी आहे. आजी म्हणाली, ‘गुरुजी, लेकराला बाहेरचं झालंय, दुसरं काही नाही.’ आणि ती तिला देवऋषाकडे घेऊन गेली.

मी आजीला दोष देत नाही. देवऋषी दोन किलोमीटरवर होता. मानसोपचाराचे डॉक्टर ऐंशी किलोमीटरवर. आणि देवऋषाने त्या मुलीला समोर बसवून तासभर विचारपूस केली होती. घरात कोण कोण आहे, आई कधी येणार, स्वप्नं कसली पडतात. तोपर्यंत तिला एवढा वेळ आमच्यापैकी कोणीही दिला नव्हता. मीही नाही.

आमच्या शाळेत नियमाप्रमाणे तक्रारपेटी आहे, कार्यालयाच्या दाराशेजारी, मुलांच्या हाताला लागेल इतक्या उंचीवर. ती आम्ही जानेवारीत उघडली, तीसुद्धा तपासणी होती म्हणून. आत वेफर्सची रिकामी पाकिटं होती, दोन पेन्सिली होत्या आणि वहीचं एक पान होतं, चार घड्या घातलेलं. पोरांना सवय असते म्हणून वर नीट ‘वार : मंगळवार’ आणि दिनांक घातला होता. नोव्हेंबरातला दिनांक. खाली दोन ओळी : ‘सर रात्री झोप येत नाही. कोणाला सांगू.’ नाव नव्हतं. पण तिचा ‘झ’ मी पाचवीपासून तपासत आलो होतो.

ते पान टाकल्यापासून दोन महिने ती रोज त्या पेटीसमोरून वर्गात येत होती.

नोंदवहीत ‘तक्रार कोणाविरुद्ध’ असा एक रकाना आहे. ही तक्रार कोणाविरुद्धच नव्हती. मग ती तक्रार कशी होईल? त्या महिन्यासमोर नोंद झाली, निरंक.

आमच्या बाईंनी तिला जवळ घेऊन विचारलं तेव्हा कळलं. घराच्या दाराची कडी नीट बसत नव्हती. आजीला रात्री काही ऐकू येत नाही. आपण झोपलो आणि कोणी आत आलं तर भावाला कोण बघणार, म्हणून ती दोन महिने रात्रभर दाराकडे बघत जागी राहत होती. तेरा वर्षांचं लेकरू. कडी आम्ही दुसऱ्याच दिवशी बसवून दिली. पण तोवर शरीराला जागं राहायची सवय लागली होती. कडी बसली तरी झोप आली नाही आणि पोटदुखी गेली नाही.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिला आणि आजीला घेऊन जवळच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे ‘मैत्री’ क्लिनिक आहे हे मला माहीत होतं. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला, त्यात दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी अशी क्लिनिकं चालवली जातात. कल्पना फार चांगली आहे. दारावर रंगीत पाटी होती, मुलामुलींची चित्रं होती आणि कुलूप होतं. समुपदेशक मॅडमना दुसऱ्या कामाला लावलं होतं. पुढच्या आठवड्यात जिल्ह्याला गेलो. तिथले डॉक्टर अतिशय सज्जन होते. बाहेर व्हरांड्यात साठ-सत्तर माणसं बसलेली असताना त्यांनी तिला दहा मिनिटं दिली, चिंतेचा आजार आहे असं सांगितलं आणि म्हणाले, औषधापेक्षा हिच्याशी नियमित बोलणारं कोणीतरी हवं, दर पंधरा दिवसांनी घेऊन या. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तरी आजीचा रोज बुडत होता आणि मुलीची शाळाही. दोनदा गेलो. तिसऱ्यांदा जाणं झालं नाही.

एप्रिलमध्ये आई आली आणि मुलगी पहिल्याच रात्री गाढ झोपली. आठवीचं वर्ष कसंबसं निघालं. नववीसाठी दुसऱ्या गावाला जायचं होतं. ती गेली नाही. पुढच्या दसऱ्याला आईवडिलांबरोबर तीही फडात गेली. आमच्या दप्तरी ती ‘शाळाबाह्य’ आहे, कारण ‘स्थलांतर’.

महोदय, या सगळ्यात कोणी वाईट वागलेलं नाही. आजी, देवऋषी, आरोग्य केंद्रातले डॉक्टर, जिल्ह्याचे डॉक्टर, आमच्या बाई, सगळ्यांनी आपापल्या परीने केलं. नव्हतं ते एकच. दर आठवड्याला त्या मुलीसमोर अर्धा तास बसणारं, तिच्याच भागातलं, त्या कामासाठी शिकलेलं एक माणूस.

यावर आपल्या विभागाकडून नेहमी येणारं उत्तर मला ठाऊक आहे : शिक्षकांना प्रशिक्षण देऊ. ते मी घेतलं आहे. दोन दिवस, ऑनलाइन, तीनेकशे शिक्षक एका लिंकवर. शेवटी दहा प्रश्नांची चाचणी आणि लगेच प्रमाणपत्र. ते माझ्या फाइलला लावलेलं आहे. तरीही मी समुपदेशक नाही, आणि हे मला फार मोठी किंमत मोजल्यावर कळलं.

माझा एक माजी विद्यार्थी शहरात राहून नीटची तयारी करत होता. हुशार, आमच्या शाळेचा अभिमान. गावी आला की भेटून जायचा. एकदा संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणाला, ‘सर, झोप लागत नाही. पुस्तक उघडलं की धडधडतं.’ मी त्याला म्हणालो, ‘मोबाइल बाजूला ठेव, पहाटे उठून अभ्यास कर, अर्धा तास चालून ये. तू तर हिऱ्यासारखा आहेस, असं डगमगून कसं चालेल?’ तो हसला, पाया पडला आणि गेला. काही महिन्यांनी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. त्याच्या घरच्यांसाठी मी याहून जास्त काही लिहिणार नाही.

मी त्याला वाईट काही बोललो नव्हतो. कोणत्याही गुरुजींनी, कोणत्याही काकांनी तेच सांगितलं असतं. पण ते उत्तर त्याच्या प्रश्नाचं नव्हतं. त्याने मला एक लक्षण सांगितलं आणि मी त्याला उपदेश केला. ‘असं किती दिवसांपासून होतंय? जगणं नको वाटतं का कधी?’ असं सरळ विचारायचं असतं. विचारल्याने मुलांच्या मनात तसले विचार येत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. हे मी नंतर शिकलो.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले. सगळ्या राज्यांत सर्वाधिक. आदल्या वर्षीही आपणच पुढे होतो, १,८३४. या ज्या नोंदलेल्या घटना, त्याही सगळ्या नसाव्यात. गावात अशी गोष्ट घडली की घरचे आधी पोलिसांना भितात, मग सोयऱ्याधायऱ्यांना. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं धरून चालायचं ठरवलं आहे आणि तिची काळजी घेणं, तिचं पुनर्वसन करणं हे सरकारचं कर्तव्य केलं आहे. हे गावात अजून कोणी सांगितलेलंच नाही.

आता शिक्षकच समुपदेशक, या कल्पनेबद्दल. ती चालते की नाही याची आपल्या देशात पारख झालेली आहे. गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ नावाचा कार्यक्रम केला. सुमारे पंच्याहत्तर शाळा, नववीची मुलं. काही शाळांत बाहेरून एक प्रशिक्षित स्थानिक माणूस नेमला, जो मानसशास्त्राचा पदवीधर असण्याची अट नव्हती. काही शाळांत तेच काम तिथल्याच एका शिक्षकाला दिलं. आणि काही शाळांत नेहमीचं चालू ठेवलं. काम तेच होतं : पोरांची पत्रपेटी, भित्तिपत्रक, गटात चर्चा, आणि ज्याला हवं त्याच्याशी एकट्याने बोलणं. वर्षअखेरीला पाहिलं तर जिथे वेगळा माणूस होता तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, मुलांमधली उदासी, दादागिरी, मारामारी कमी झाली. जिथे शिक्षकाकडे काम दिलं होतं, तिथे फरक दिसला नाही. हे २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आहे. बिहारच्या सरकारी शाळांतली ही गोष्ट आहे, एखाद्या श्रीमंत देशातली नाही.

मला त्याचं नवल वाटलं नाही. जो माणूस सकाळी गृहपाठ केला नाही म्हणून रागावतो, त्याच माणसाजवळ दुपारी मन मोकळं कसं करायचं? शिवाय मी त्याच गावात राहतो. मुलाचे वडील माझ्याबरोबर चहाला बसतात. मुलाला दिसतं ते सगळं. आणि खरं सांगायचं तर आमच्या शिक्षकखोलीत मुलांची गुपितं टिकत नाहीत. ‘त्याच्या घरी असं असं आहे बरं का’ हे आम्ही एकमेकांना काळजीनेच सांगतो, पण सांगतो. पालकसभेपर्यंत ते गावात पोचलेलं असतं. मग ते पोर पुन्हा कधी तोंड उघडत नाही.

ओळखणं हे आमचं काम आहे. एरवी बडबड करणारा अचानक गप्प झाला, हातावर बाही ओढून घ्यायला लागला, वही कोरी राहायला लागली, तर ते सगळ्यांत आधी आम्हालाच दिसणार. ते काम करायला आम्ही तयार आहोत, त्याचं प्रशिक्षण जरूर द्या. पण ओळखून झाल्यावर त्या मुलाचा हात कोणाच्या हातात द्यायचा?

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी याबद्दल आदेश दिला आहे. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने देशभरातल्या शाळा, महाविद्यालयं, वसतिगृहं, शिकवणी वर्ग यांना मार्गदर्शक सूचना लागू केल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. शंभरपेक्षा कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी हवी. वर्षातून दोनदा सगळ्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण. मदतीचे फोन नंबर ठळक अक्षरांत भिंतीवर. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडायच्या नाहीत, चारचौघांत पाणउतारा करायचा नाही.

आदेश मोलाचा आहे. आमच्या शाळेपर्यंत त्यातला नंबराचा फलक पोचला. पण ‘शंभर’ हा आकडा एकदा ग्रामीण महाराष्ट्राच्या नकाशावर ठेवून बघा, अशी माझी विनंती आहे. आमच्या केंद्रात अकरा शाळा आहेत. शंभराच्या वर पट असलेल्या दोन. बाकीच्या नऊ शाळांच्या वाट्याला येते ती ‘जोडणी’. आणि जोडणी कशी होते हे आम्हाला माहीत आहे. ऐंशी किलोमीटरवरच्या दवाखान्याचं नाव एका कागदावर लिहून, सहीशिक्क्यासह फाइलला लावायचं. पट कमी म्हणून दुःख कमी असतं असं नाही. कमी पटाच्या शाळा वाडीवस्तीवर आहेत, तांड्यावर आहेत, डोंगरात आहेत. जिथून आईबाप सहा-सहा महिने उठून जातात, ती गावं हीच.

म्हणून माझी मागणी एकच आहे, बाकी सगळं तिच्याच पोटात येतं. शाळेचा पट मोजू नका, केंद्र धरा. राज्यात केंद्रप्रमुखांची ४,८६० पदं मंजूर आहेत, म्हणजे तेवढी केंद्रं आहेत. प्रत्येक केंद्राला एक समुपदेशक द्या. दहा-बारा शाळा, सगळ्या दुचाकीच्या टप्प्यात. दर शाळेला ठरलेला वार. मंगळवारी ताई येते, हे पहिलीच्या पोरापासून शिजवणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांना ठाऊक असावं. त्या मुलीने चिठ्ठी मंगळवारीच लिहिली होती.

माणसं मिळतील का, असं आपण विचाराल. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली, मानसशास्त्र घेऊन बी.ए., एम.ए. झालेली कितीतरी मुलंमुली आमच्या तालुक्यातच आहेत. कोणी झेरॉक्सच्या दुकानात आहे, कोणी पतसंस्थेत. त्यांना काही महिन्यांचं पक्कं प्रशिक्षण द्या, वर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या तज्ज्ञांची देखरेख ठेवा. अवघड वाटलं तर त्याच दिवशी फोन करून विचारता यावं, महिन्यातून एकदा सगळ्यांनी बसून आपापल्या अडलेल्या गोष्टी मांडाव्यात. देखरेखीशिवाय नेमलेला समुपदेशक हा पुन्हा माझ्यासारखाच उपदेशक होईल.

खर्चाचा हिशेब मी कागदावर करून बघितला. महिना ३०,००० रुपये मानधन धरलं तर ४,८६० जणांचे वर्षाला साधारण १७५ कोटी होतात. प्रवास, प्रशिक्षण, देखरेख धरून आणखी काही. रक्कम लहान नाही. पण शालेय शिक्षणावर राज्य वर्षाला हजारो कोटी खर्च करतं, त्यापुढे ही मोठीही नाही.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. ही नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर करू नका. मूल बोलायला लागायलाच चार-सहा महिने जातात. ते बोलायला लागलं की ताईचा करार संपतो आणि पुढच्या वर्षी नव्या ताईसमोर पुन्हा पहिल्यापासून. आईबाप दरवर्षी सोडून जातात अशा मुलांना आणखी एक सोडून जाणारं माणूस देऊ नका. आणि सुट्टीत हे काम बंद ठेवू नका. २०२५ मध्ये बारावीचा निकाल ५ मेला लागला, दहावीचा १३ मेला. शाळांना कुलपं होती. ज्या दिवसांत मुलांना सगळ्यांत जास्त आधार लागतो, नेमके तेच दिवस आपल्या वेळापत्रकात रिकामे आहेत.

आपल्या सरकारांनी या बाबतीत काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. दहावीच्या नापासांसाठी २०१५ पासून जुलैतच फेरपरीक्षा सुरू झाली, त्याने किती घरं सावरली असतील. परीक्षेच्या दिवसांत मंडळ फोनवर समुपदेशक देतं. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. हे पत्र वाचणाऱ्या कोणाला आत्ता गरज असेल तर त्यांनी जरूर लावावा. मुलांसाठी १०९८ आहेच. पण आमच्या आठवीच्या मुलीने तो लावायचा कशावरून? घरात फोन एकच, तो वडिलांच्या खिशात, आणि वडील तीनशे किलोमीटरवर उसात. शाळेत फोन माझा. माझ्यासमोर उभं राहून ती काय बोलणार? केंद्राच्या समुपदेशकाकडे एक फोन आणि शाळेत दार लोटता येईल अशी एक खोली असली की तोच १४४१६ कामाला येईल. खोली नसेल तर चिंचेखाली दोन खुर्च्याही चालतील. फक्त तिथे कोण बसलं होतं हे आम्ही शिक्षकांनी विचारायचं नाही, असा नियम लेखी द्या. कोणी मुलावर अत्याचार करत असेल किंवा मुलाच्या जिवाला धोका असेल तर ते लपवता येणार नाही, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगावं. बाकी सगळं ताईजवळच राहावं.

आरोग्य मंत्री महोदयांना वेगळं सांगायचं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पहिली गाडी याच राज्यातून, २०१३ मध्ये पालघरहून निघाली. आजही पथक दरवर्षी शाळेत येतं. दात बघतं, डोळे बघतं, वजन घेतं, हृदयाला छिद्र सापडलं तर शस्त्रक्रियेपर्यंत सोबत करतं. आमच्या गावातल्या एका मुलाचा जीव त्या पथकामुळे वाचला आहे. तेच पथक मुलाला ‘झोप लागते का रे?’ एवढं विचारू शकत नाही का? आणि उत्तर आलं तर ते केंद्राच्या समुपदेशकाच्या हाती देऊ शकत नाही का? ‘मैत्री’च्या खोलीतल्या समुपदेशकांना दुसऱ्या कामांना लावू नका, एवढं झालं तरी शनिवारी तिथे गेलेली आजी परत फिरणार नाही.

पालकांशी बोलणंही याच माणसाचं काम असायला हवं. आमच्याकडे पोर चिडचिड करायला लागलं की घरचे म्हणतात, ‘जास्त करशील तर येरवड्याला नेऊन टाकीन.’ मुंबईकडचे ठाण्याचं नाव घेतात, विदर्भातले नागपूरचं. ज्या दवाखान्याच्या नावाने धमकी दिली जाते, तिथे पुढे मदत मागायला कोण जाणार? पण हीच माणसं पोराला ताप आला तर खांद्यावर टाकून चार किलोमीटर चालत जातात. त्यांना फक्त कोणीतरी समोर बसून सांगायला हवं की हाही तापच आहे, मोजता येतो, उतरवता येतो. मी सांगितलं तर ते मान डोलावतात आणि विचारतात, ‘पण गुरुजी, पास तर होईल ना?’

जगभरच्या अभ्यासांवरून दिसतं की मानसिक आजारांपैकी सुमारे निम्मे वयाच्या अठरा वर्षांआधीच सुरू होतात. अठरापर्यंत मुलं रोज कुठे असतात? आमच्याकडे. आपण एवढी मोठी व्यवस्था उभी केली आहे, पोषण आहाराचा तांदूळ तांड्यापर्यंत पोचवला आहे, पुस्तकं पहिल्या दिवशी हातात पडतात. त्याच रस्त्याने हे एक माणूस पाठवायचं आहे.

तक्रारपेटी आम्ही आता दर शुक्रवारी उघडतो, किल्ली बाईंकडे असते. या आठवड्यात आत दोन चिठ्ठ्या होत्या. एकीत खेळायला नवा चेंडू मागितला होता. दुसरीबद्दल मी इथे लिहिणार नाही, कारण ती लिहिणाऱ्याने माझ्यावर विश्वास ठेवला आहे आणि पुढे कोणाकडे जायचं हे मला अजून माहीत नाही.

या महिन्याचा तक्ता आज पाठवला. ‘समुपदेशनाची गरज असलेले विद्यार्थी’ या रकान्यात मी ३ लिहिलं आहे. ‘केलेली कार्यवाही’ हा रकाना रिकामा ठेवला आहे. अपूर्ण म्हणून फोन आला तर तो तसाच अपूर्ण राहू द्या, असं मी सांगणार आहे.

आपला विश्वासू,
एक शिक्षक,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, मराठवाडा